श्वासाच्या वाटेवरचा वण

‘दम’ हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि इथलाच होऊन गेला. मूळ अर्थ श्वास. आपल्याला दम लागतो, आपण दम धरतो, एखाद्याच्या बोलण्यात दम आहे असेही म्हणतो. पण या दमाची वाट फार चिंचोळी आहे. घशातून छातीत उतरणारी श्वासनलिका मोठ्या माणसात जेमतेम ११ सेंटिमीटर लांब असते. तिचा व्यास निम्मा झाला, तर हवेला जायला निम्मी नव्हे, पाव जागाच उरते. ही वाट अरुंद होण्याचा इतिहास विलक्षण आहे. जीव वाचवणारा उपायच त्यात पुढे दुखण्याचे कारण झालेला दिसतो.

श्वासनलिकेची जखम भरून येत नाही, अशी समजूत शतकानुशतके होती. हजार वर्षांपूर्वी स्पेनमधील कॉर्डोबाचे शल्यवैद्य अल्-झहरावी यांनी एका दासीची हकीकत लिहून ठेवली. तिच्या गळ्यावर सुरीचा वार होता आणि जखमेतून हवा बाहेर येत होती. त्यांनी टाके घातले, ती बरी झाली. आवाज तेवढा घोगरा राहिला. बाराव्या शतकात इब्न झुहर यांनी शेळीच्या श्वासनलिकेला छेद देऊन पाहिला. तीही जखम भरली.

तरीही माणसाच्या गळ्याला छेद द्यायला वैद्य सहसा धजत नसत. घटसर्पात घशात पडदा धरे आणि मुले गुदमरून जात. १८२५ मध्ये फ्रान्समधील तूर शहरात ब्रेतोनो यांनी अशाच एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवली. मुलगी वाचली. त्यांचे शिष्य त्रुसो यांनी हा उपाय रूढ केला.

जीव वाचू लागले, तशी नवी तक्रारही पुढे आली. नळी काढल्यावर काही रुग्णांचा श्वासमार्ग आतून आकसू लागला. फिलाडेल्फियाचे शल्यविशारद शेव्हालिये जॅक्सन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले की, छेद फार वर, स्वरयंत्राला लागून घेणे हे याचे मुख्य कारण आहे. छेद खाली घ्या, असे त्यांनी बजावले.

१९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. छातीचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या गळ्यात नळी बसवून हाताने हवा भरावी, असे ब्यॉर्न इब्सेन यांनी सुचवले. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून रबरी पिशव्या दाबत बसले. हाताची जागा पुढे व्हेंटिलेटरने घेतली. हवा बाजूने निसटू नये म्हणून नळीभोवती छोटा फुगा असतो. तो फार फुगवला, की आतल्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो, जखम होते, आणि ती भरताना वण आकसून वाट आवळतो. बोस्टनचे कूपर आणि ग्रिलो यांनी १९६९ मध्ये हे दाखवले आणि कमी दाबाचा मऊ फुगा सुचवला. आज हा दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर उंचीएवढाच ठेवतात.

माझ्या ओळखीचे एक शिंपी २०२१ मध्ये करोनातून उठले. तीन आठवडे ते व्हेंटिलेटरवर होते. दोन महिन्यांनी त्यांना जिना चढताना दम लागू लागला. दमा म्हणून पंप दिला गेला, उतार पडेना. शेवटी एका डॉक्टरांनी नुसते कान देऊन ऐकले. दम्यात शिट्टी बहुधा श्वास सोडताना वाजते. यांची श्वास घेताना वाजत होती. दुर्बीण आत घातल्यावर वण दिसला.

या दुर्बिणीची सुरुवात एका गायनशिक्षकाने केली, हे मला फार आवडते. मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये आरसे धरून स्वतःचा गाता घसा पाहिला. १८९७ मध्ये जर्मनीत किलियान यांनी नळीतून खाली फुप्फुसाच्या वाटेपर्यंत नजर पोचवली. आज सोबत सीटी स्कॅन असतो. वाट किती लांब आणि किती आवळली आहे, ते त्यात कळते. नळीखेरीज क्षयरोग, गाठ, मार, गलगंडाचा दाब, अशी कारणेही असतात. कधी कारण सापडतच नाही.

उपचार कारणावर ठरतो. वण छोटा असेल तर फुग्याने वाट रुंद करतात किंवा लेझरने वण छेदतात. पण तो पुन्हा आकसू शकतो. काहींना आत आधाराची नळी ठेवावी लागते. योग्य रुग्णात आवळलेला तुकडा कापून दोन टोके जोडतात. मोठ्या माणसात जवळजवळ निम्मी श्वासनलिका काढूनही टोके जुळवता येतात, हे ग्रिलो यांच्या अभ्यासातून दिसले. आमच्या शिंप्यांचा असाच तुकडा काढला. ते पुन्हा मशीनवर बसतात.

घरातले कोणी व्हेंटिलेटरवरून परतले असेल आणि आठवड्यांनी, महिन्यांनी त्याचा श्वास वाजू लागला, तर दमा म्हणून थांबू नका. गळ्यात नळी होती, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. आणि शेजारी बसलेल्या माणसाला श्वास घेतानाही दम लागत असेल, तर वाट पाहू नका. लगेच रुग्णालयात न्या.