मानभाव म्हणायच्या आधी

आज जी गोष्ट सांगायला बसले आहे ती आपल्याच एका गटातून निघालेली आहे. गाव नांदेड-लातूरच्या हद्दीवरचं, नाव सांगत नाही. महिन्याची बैठक होती. बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या आणि अध्यक्षताई म्हणाल्या, "ताई, एक ठराव लिहायचाय. एका सदस्येला कमी करायचंय."

कारण विचारलं तर सगळ्या एकदम बोलायला लागल्या. ती बाई मानभावांच्या पंथात गेली. उपदेश घेतला. कुणाच्या घरचा सत्यनारायणाचा प्रसाद खात नाही. कुलदैवताला जात नाही, सासू रडते. भेटली की रामराम नाही, "दंडवत" म्हणते. वरून तिनं पंधरा हजारांचं कर्ज मागितलेलं, आणि ते पैसे मठात जाणार अशी सगळ्यांची खात्री. एक काकू मागून म्हणाल्या, "बोलणं मानभावाचं, करणी कसाबाची." सगळ्या हसल्या. ती बाई दाराशी बसलेली होती. ती हसली नाही.

मग मला थेट विचारलं, "तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा, हा पंथ धोक्याचा आहे का नाही?" बी.ए.ला माझा इतिहास होता, पण त्या वेळी उत्तर देता आलं नाही. ठराव पुढच्या बैठकीपर्यंत थांबवा म्हटलं आणि महिनाभर वाचत बसले.

पहिलं म्हणजे, ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की ती शिवी आहे हे लक्षातच येत नाही. गोड बोलून गळा कापणाऱ्याला आपण 'मानभावी' म्हणतो. आता शब्द मुळात काय आहे? महानुभाव. म्हणजे मोठ्या मनाचा, मोठ्या अनुभवाचा माणूस. त्याचं बोलीत मानभाव झालं, आणि मानभावाचा पुढे ढोंगी झाला. एवढा उलटा प्रवास एखाद्या शब्दाचा उगाच होत नाही.

हा पंथ सुरू झाला आपल्याच मुलखात, तेराव्या शतकात. देवगिरीवर यादवांचं राज्य होतं. चक्रधरस्वामी मूळचे गुजरातेतल्या भडोचचे. विदर्भात रिद्धपूरला त्यांना गुरू भेटले, गोविंदप्रभू. मग पैठण आणि गोदावरीकाठ पालथा घातला. भिक्षा मागायची, एका जागी मुक्काम वाढवायचा नाही, जीव मारायचा नाही, आणि एकाच परमेश्वराला मानायचं. देवता आहेत, पण त्या मोक्ष देऊ शकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून इतर देवांची पूजा नाही, प्रसाद नाही. आपल्या सदस्येनं प्रसाद का घेतला नाही त्याचं कारण साडेसातशे वर्षं जुनं आहे. तिला कुणाचा अपमान करायचा नव्हता. पण प्रसाद नाकारला की करणारीला वाईट वाटतं, हेही खरंच आहे.

माहूरला आपण सगळ्या जातो. रेणुकामातेचं दर्शन, दत्तशिखर, अनसूया. त्याच माहुरात महानुभावांचं देवदेवेश्वर मंदिर आहे, आणि तिथून आपण किती वेळा नुसत्या पुढे निघून गेलो असू. दत्तात्रेय त्यांचेही आहेत. फक्त त्यांच्या लेखी ते ब्रह्मा-विष्णू-महेश असे तीन मिळून झालेले नाहीत. ते पाच कृष्णांपैकी एक आहेत: श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर. म्हणजे ज्या गडावर आपण ओटी भरायला चढतो, तोच गड त्यांचंही तीर्थ.

आता बायकांचं सांगते, कारण भांडणाचं मूळ मला तिथंच दिसतं. चक्रधरांच्या सोबत बायका चालत होत्या, विधवा होत्या, संन्यास घेतलेल्या होत्या. त्या प्रश्न विचारायच्या. महदाइसा नावाची बालविधवा इतके प्रश्न विचारायची की तिची ओळखच चर्चा करणारी अशी झाली. आपण जिला महदंबा म्हणतो ती हीच. तिचे धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, प्रसिद्ध आहेत आणि मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात. 'लीळाचरित्र' हा ग्रंथ म्हाइंभटानं १२७८च्या सुमारास लिहिला. मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ तो. त्यात पाळीबद्दलचं बोलणं आहे. स्वामी सांगतात की नाकातून, डोळ्यांतून, कानातून जसं काही बाहेर येतं तसंच हे एक; याचा विटाळ धरायचा नाही. हे वाचलं तेव्हा मला आमच्या बैठकीची जागा आठवली. मंदिराचा सभामंडप. पाळी असलेल्या बाया पायरीवर बसतात आणि वही बाहेर पाठवली जाते सहीसाठी. मीच पाठवते.

आणखी एक. स्वामी गेल्यावर पंथ नागदेवाचार्यांनी सांभाळला. शिष्यांत संस्कृत जाणणारे पंडित होते. त्यांच्यातल्या एकाला ग्रंथ संस्कृतात लिहायचा होता. नागदेवाचार्यांनी अडवलं, कारण मग माझ्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील. नंतर देवगिरीवर खलजीच्या स्वाऱ्या आल्या, त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत गेली, आणि ज्यांना पाठ होतं त्यांच्याकडून ते पुन्हा उभं केलं, असं पंथाची परंपरा सांगते. त्यात हिराइसा नावाच्या बाईच्या पाठाचं नाव आजही घेतलं जातं.

अशा पंथाला त्या काळचे मोठे लोक काय म्हणणार? यादवांचा मंत्री हेमाद्री, आपला हेमाडपंत, व्रतं आणि दानधर्म यांवर भला मोठा ग्रंथ लिहिणारा. आणि इकडे हा साधू सांगतो की व्रतांनी काही होत नाही, जात पाहू नका, बाईलाही मोक्ष आहे. स्वामींवर बायकांना भुलवल्याचे आरोप झाले. पंथाचे लोक मानतात की ते शेवटी उत्तरेकडे निघून गेले. काही पोथ्यांत छळाचे, अगदी शिरच्छेदापर्यंतचे उल्लेख येतात. ते पंथातले सगळे मानत नाहीत.

पुढे गोष्टी वाढत गेल्या. पैठणच्या कुणा कृष्णभटाला वेताळानं मुकुट दिला, तो घातला की तो हुबेहूब कृष्ण दिसायचा आणि बायका फसायच्या, असली कहाणी पसरली. १७८२ साली, सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, सरकारी हुकूमच निघाला: मानभाव निंद्य, त्यांचा चार वर्णांशी संबंध नाही, त्यांचा उपदेश कुणी ऐकू नये, ऐकेल तो वाळीत. आपल्या बैठकीतला ठराव यापेक्षा फार वेगळा नव्हता.

पण सगळा दोष बाहेरच्यांचाच, असं सांगितलं तर मी खोटं बोलेन. पंथानं स्वतःलाही कोंडून घेतलं. चौदाव्या शतकापासून त्यांनी पोथ्या गुप्त लिपीत लिहिल्या. अक्षरांच्या जागा बदलायच्या, एका अक्षराऐवजी दुसरं लिहायचं. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशी त्यांची नावं. कुणी म्हणतं परक्यांपासून ग्रंथ वाचवायला, कुणी म्हणतं अपात्र माणसाच्या हाती पडू नयेत म्हणून. काही का असेना, ज्या बायांसाठी ग्रंथ मराठीत लिहिले त्यांच्याही बहुतेकींना ते वाचता येईनात. अंगावर काळे कपडे आणि पोथीत काय आहे ते कुणाला ठाऊक नाही, मग गावानं अंदाज बांधले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही कुलूपं उघडली, राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांनी पोथ्या वाचल्या तेव्हा आत मराठीचा खजिना निघाला. पुढे अमेरिकेतल्या अ‍ॅन फेल्डहाउस बाई इथं येऊन जुनी मराठी शिकल्या आणि त्यांनी यातले ग्रंथ इंग्रजीत नेले. १९७८ साली वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्र छापून आणलं तेव्हा मात्र त्यातल्या काही लीळांवर पंथातूनच हरकत आली आणि प्रकरण कोर्टात गेलं. प्रश्न विचारायची मोकळीक ज्यांनी दिली त्यांच्याच घरात असं व्हावं, याचं मला वाईट वाटलं. आता त्याच रिद्धपूरला सरकारनं मराठी भाषा विद्यापीठ काढलंय, २०२४मध्ये ते सुरू झालं.

मग खरा धोक्याचा पंथ कसा असतो? हरियाणातल्या सिरसा इथल्या डेऱ्याचं उदाहरण घ्या. लाखो भक्त, दवाखाने, रक्तदान शिबिरं, दारू सोडवायची मोहीम. बाहेरून नाव ठेवायला जागा नाही. २००२ साली तिथल्या एका साध्वीनं नाव न घालता पंतप्रधानांना पत्र लिहिलं की गुरू आमच्यावर अत्याचार करतो आणि घरचे विश्वास ठेवत नाहीत. ते पत्र छापणाऱ्या सिरशाच्या पत्रकाराला त्याच वर्षी गोळ्या घातल्या गेल्या, त्यात तो गेला. २०१७च्या ऑगस्टमध्ये दोन साध्वींवरच्या बलात्काराबद्दल गुरमीत राम रहीमला वीस वर्षांची शिक्षा झाली. पंधरा वर्षं लागली. निकालाच्या दिवशी भक्तांनी जाळपोळ केली, तीसहून जास्त माणसं मेली. तिथं कपड्यांचा रंग डोळ्यांत भरेल असा होता आणि भाषण गोड होतं. कुणी त्यावर म्हण केली नाही.

आपल्या राज्यातला कायदाही पंथाचं नाव विचारत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ला खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, त्याच वर्षी कायदा झाला. त्यात कृत्यांची यादी आहे. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, भूत काढतो म्हणून मारहाण करणं, अंगात शक्ती आहे सांगून बाईशी संबंध ठेवणं. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. कुणाला भजावं याबद्दल त्यात काही नाही.

पुढच्या बैठकीत मी ही सगळी माहिती सांगितली. मग तिलाच विचारा म्हटलं. बाया आधी गप्प, मग सुरू झाल्या. तिकडं आजारी पडल्यावर दवाखान्यात जाऊ देतात का? जातो, म्हणाली, गेल्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन नांदेडला झालं. पैसे मागतात का? इच्छेनं देते, नाही दिले तरी कुणी बोलत नाही. तिकडच्या बाबाला उलटं बोलता येतं का? यावर ती जरा थांबली. म्हणाली, "मी कधी बोलून पाहिलं नाही." हे उत्तर मला प्रामाणिक वाटलं, आणि थोडं अस्वस्थही करून गेलं. पंधरा हजारांचं विचारलं तेव्हा तिनं पिशवीतून मोटार भरून आणल्याची पावती काढली. विहिरीची मोटार जळाली होती.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी सुटली नाही. तिची मुलगी बारावीत आहे आणि तिला कायमचं आश्रमात राहायचंय. बाप नको म्हणतो. आईला वाटतं, भाग्य आहे. मी स्पष्ट सांगितलं की मला हे पटत नाही; पोरगी सतरा वर्षांची आहे, आधी परीक्षा देऊ द्या, अठरा पूर्ण होऊ द्या, मग तिचं ती ठरवेल, आणि गेली तरी परत यायला घराचं दार उघडं ठेवा. ती रागावली. म्हणाली, "लग्न लावून दिलं असतं तर तुम्ही आहेर घेऊन आला असता." मला लगेच उत्तर सुचलं नाही. आपल्या भागात सतराव्या वर्षी उरकलेली लग्नं मला माहीत आहेत, आणि त्यातल्या दोन ठिकाणी मी जेवूनही आले आहे.

परीक्षेचा फॉर्म भरला गेला एवढं कळलं आहे. पुढचं अजून ठरायचंय.

ठराव बारगळला, पण एकमतानं नाही. अकराजणींतल्या तिघींनी हात वर केलाच नाही, तसं वहीत लिहिलं आहे. कर्ज मंजूर झालं, दहा हप्ते. संक्रांतीच्या बैठकीत तिनं तिळगूळ घेतला, तो देवापुढं ठेवला नव्हता म्हणून. देणाऱ्या काकू त्याच, म्हण म्हणणाऱ्या. देवापुढं ठेवायच्या आधी त्यांनी एक वाटी बाजूला काढून ठेवली होती.

आणि बैठकीची जागा आम्ही बदलली आहे. आता अंगणवाडीच्या ओसरीवर बसतो, तिथं पायरी नाही.