सेमिनरींतील संगीताचें शिक्षण आणि गांवचें गाणें

धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या प्रसंगीं मागील काळाचें स्मरण करणें उचितच आहे. देऊळ कोणीं बांधिलें, घंटा कोठून आली, पहिला बाप्तिस्मा केव्हां झाला, या गोष्टींची नोंद अशा पुस्तकांत होत असते. परंतु ज्या गाण्यानें देऊळ दर रविवारीं भरून जातें, तें गाणें कोणीं शिकविलें आणि शिकविणारास तें कोठें मिळालें, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. गवंड्याचें काम डोळ्यांस दिसतें. गायनशिक्षकाचें काम हवेंत विरून जातें. म्हणून उंद्री येथील आमच्या ख्रिस्तबंधूंपुढें व भगिनींपुढें ख्रिस्ती विद्यालयांतील संगीतशिक्षणाच्या इतिहासाचा थोडा भाग मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा इतिहास बव्हंशीं गोव्यांत घडला. तथापि त्याचा संबंध आपल्या वऱ्हाडांतील गांवाशीं कसा पोंचतो, हें वाचकांस पुढें दिसून येईल.

संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यांत उतरले. हातांत घंटा घेऊन रस्त्यांनीं फिरावें, मुलें व दासदासी गोळा करावीं आणि श्रद्धेचीं सूत्रें त्यांच्याकडून चालीवर म्हणवून घ्यावीं, अशी त्यांची रीत होती. ज्यास अक्षर येत नाहीं त्यास सूर येतो, आणि सुरावर चढविलेलें वाक्य सहसा विसरत नाहीं, हें त्या थोर मिशनऱ्यानें ओळखिलें होतें. पुढें येशूसंघाकडे आलेल्या जुन्या गोव्यांतील संत पौल विद्यालयांत लॅटिन व्याकरणाबरोबर उपासनेचें गायनहि शिकविलें जाऊं लागलें. गांवोगांवच्या देवळांस जोडून शाळा निघाल्या; तेथें वाचन, लेखन व धर्मशिक्षण यांच्या जोडीला संगीत हा विषय असे. तेथील गुरुजींस ‘मेस्त्र’ म्हणत. मुलांस स्वर ओळखावयास लावणें, कागदावरील स्वरचिन्हें पाहून गावयास शिकविणें व पुढें व्हायोलिन हातीं देणें, हें मेस्त्राचें काम. मेस्त्र आजारी पडला तर मिस्साहि मुकी होई.

साष्टी प्रांतांत राशोल (यास तेथील लोक रायतूर म्हणतात) या गांवीं येशूसंघाच्या विद्यालयाच्या नव्या इमारतीचा पाया १६०६ सालीं घातला गेला. मोठें शहर नव्हे, राजधानी नव्हे; नदीकांठच्या टेकडीवरील तें एक आडबाजूचें ठिकाण. परंतु त्याच ठिकाणच्या छापखान्यांतून १६१६ सालीं आपल्या भाषेंतील एक अमोल ग्रंथ बाहेर पडला. तो म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’. हे इंग्रज धर्मगुरु २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास आले आणि सुमारें चाळीस वर्षें साष्टींत राहून १६१९ सालीं निवर्तले. त्यांनीं सुमारें अकरा हजार ओंव्या रचिल्या. परदेशांतून आलेल्या या विद्वानानें ओंवीच कां निवडिली? कारण ओंवी ही वाचावयाची नव्हे, गावयाची वस्तु आहे. बाया जात्यावर तीच गात, पुराणिक तीच सांगत. नव्या ख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें सुटलीं होतीं व त्यांच्या जागीं गावयास कांहीं उरलें नव्हतें. ती पोकळी फादर स्टीफन्स यांनीं ओळखिली. रविवारीं व सणाच्या दिवशीं देवळांत हें पुराण वाचलें जाई आणि लोक तें प्रेमानें ऐकत.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. त्या काळापासूनच गोव्याच्या ख्रिस्ती संगीताचे दोन प्रवाह झाले. विद्यालयाच्या आंत लॅटिन गायन, चार रेघांवर मांडलेली स्वरलिपि व वाद्यें यांचें पद्धतशीर शिक्षण; आणि विद्यालयाच्या बाहेर ओंवी, जी कोणी शिकवीत नसे, पण सर्वांस येत असे. पहिल्या प्रवाहास गुरु होता, दुसऱ्यास केवळ संवय होती. संवयीवर जगणारी विद्या राजाज्ञेपुढें टिकत नाहीं. १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयानें लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज भाषा वापरावी, अशी आज्ञा काढिली. भाषा अर्थात् मेली नाहीं. परंतु तिचा मान गेला व तिच्याबरोबर पुराणगायनाचाहि आधार खचला. १६१६ च्या मागून १६४९ व १६५४ सालीं ‘क्रिस्तपुराणा’च्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या होत्या, त्या तिन्हींपैकीं एकाहि आवृत्तीची छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो हस्तलिखितांमुळें व गाणाऱ्यांच्या कंठांमुळें. गोवा सोडून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तो जपला, आणि १९०७ सालीं मंगळूर येथें श्री. जोसेफ सलदान्हा यांनीं तो पुन्हां छापून काढिला. मुंबई व वसई या भागांतहि फ्रान्सिस्को वाज द गिमारांइश यांनीं रचिलेलें व १६५९ सालीं छापलेलें ख्रिस्ताच्या दुःखसहनाचें मराठी पुराण उपासकाळांत गाइलें जात असे. तेंहि लोकांनींच सांभाळिलें.

उलटपक्षीं ज्या प्रवाहास गुरु होता, त्याचें फळ पाहा. १७५९ सालीं येशूसंघीयांस गोव्यांतून घालवून देण्यांत आलें. तरी राशोल येथें धर्मप्रांताच्या सेमिनरीचें काम पुढें चाललें आणि गांवच्या शाळाहि चालल्या. या शाळांतून शिकलेल्या गोमंतकीय मुलांनीं पुढें संस्थानिकांचे बँड, मुंबईचे वाद्यवृंद व चित्रपटांचें संगीत यांत आपलें नांव गाजविलें. माजोर्डा गांवचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील तेथील देवळांत गायनाचे गुरु होते. त्यांच्या मुलानें मुंबईच्या चित्रपटसृष्टींत वाद्यवृंदाची बांधणी केली आणि संगीतकार प्यारेलाल यांस व्हायोलिन शिकविलें. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटांतील गाण्यांत जें नांव आहे, तें याच गुरूच्या आदरासाठीं घेतलेलें आहे. एका खेड्यांतील देवळाच्या गायनशिक्षकाचा हात किती दूर पोंचतो, याचा हा दाखला होय.

परंतु या दोन प्रवाहांची गांठ पडावयास फार काळ लागला. परमगुरुस्वामी दहावे पायस यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं पवित्र संगीतासंबंधीं आज्ञापत्र काढून, सेमिनरींत गायनाचें शिक्षण मन लावून व्हावें, असें बजाविलें. त्यामुळें ग्रेगोरियन गायनास नवें चैतन्य आलें. मात्र मिस्साची भाषा लॅटिनच राहिली. इकडे प्रॉटेस्टंट बांधवांमध्यें अहमदनगर येथें मराठी कीर्तन व अभंग उपासनेंत आले होते. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं देशी चालींवर भक्तिगीतें रचून ख्रिस्ताचें नांव मराठी कानांस आपलें करून दिलें. कॅथोलिक सेमिनरीच्या भिंतींआड ही हवा येण्यास दुसरी व्हॅटिकन परिषद व्हावी लागली. ४ डिसेंबर १९६३ रोजीं परिषदेनें उपासनेसंबंधींचा जो लेख प्रसिद्ध केला, त्यांतील ११५ व्या कलमांत सेमिनरी व शाळा यांत संगीताच्या शिक्षणास महत्त्व द्यावें, असें सांगितलें आहे; आणि ११९ व्या कलमांत ज्या लोकांचें स्वतःचें संगीत आहे, तें संगीत उपासनेंत योग्य स्थान पावो, असें म्हटलें आहे. हीं दोन कलमें निरनिराळीं वाचावयाचीं नाहींत. पहिलें म्हणतें, शिकवा; दुसरें म्हणतें, लोकांचें शिकवा. साडेतीनशें वर्षांपूर्वीं राशोलच्या टेकडीवर जें वेगळें झालें होतें, तें येथें एकत्र आलें.

तें प्रत्यक्ष करून दाखविणाऱ्यांपैकीं एक म्हणजे दैवी शब्दसंघाचे फादर जॉर्ज प्रोक्श. हे १९३२ सालीं भारतांत आले, हिंदुस्थानी संगीत शिकले, हिंदींत भजनें रचिलीं व मुंबईस अंधेरी येथें ज्ञान आश्रम स्थापिला. तेथें राग, ताल व नृत्य यांतून शुभवर्तमान सांगण्याचें शिक्षण मिळूं लागलें. परक्या देशांतून आलेला धर्मगुरु आधीं विद्यार्थी होऊन तानपुऱ्यापुढें बसला, यांतच त्यांच्या यशाचें रहस्य आहे.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. हा बुलढाणा जिल्हा मुका नाहीं. शेगांवच्या पालखीबरोबर पायीं जाणारा टाळकरी याच मातींतला आहे. कापूस वेंचणारी बाई याच मातींत ओंवी गाते. आमच्या उंद्रीच्या ख्रिस्ती लोकांच्या कंठांत सूर नाहीं, असें कोण म्हणेल? परंतु पेटीवर बसणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत, आणि त्यांच्या मागून तें आसन कोण घेणार, याची विचारपूस होत नाहीं. कोणी म्हणेल, हल्लीं ध्वनिमुद्रित गाणें लावलें कीं काम भागतें. पेटी शिकण्याचा खटाटोप कशाला? यास आमचें उत्तर असें कीं, यंत्र गातें तेव्हां लोक ऐकतात; माणूस गातो तेव्हां लोक त्याच्याबरोबर गातात. उपासना ही ऐकावयाची नसून करावयाची आहे. शिवाय ज्या गाण्यास गांवांत शिकविणारा नाहीं, त्याचें काय होतें, हें वर ‘क्रिस्तपुराणा’च्या कथेंत आपण वाचलेंच आहे.

शिक्षणाची वाट आज पूर्वींपेक्षां सोपी आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय काढून संगीत घराण्याच्या दारांतून शाळेच्या वर्गांत आणिलें. त्यांच्या शिष्यपरंपरेनें चालविलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्यांनीं देतां येतात. शेतकऱ्याच्या मुलामुलींनीं त्या देऊं नयेत, असें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. सेमिनरींत आम्हांस जें थोडें मिळालें, त्यांतून आम्हीं एवढेंच शिकलों कीं धर्मगुरूची बदली होते, गायनशिक्षक गांवांत राहतो. म्हणून गांवचें गाणें गांवच्या मुलांच्याच हातीं असलें पाहिजे.

तेव्हां या ज्युबिलीच्या वर्षीं धर्मग्रामानें निदान दोन मुलांस, एक मुलगा व एक मुलगी, पद्धतशीर संगीत शिकविण्याचा संकल्प करावा, अशी आमची विनंति आहे. त्यांची फी ही देवळाच्या कौलांइतकीच आवश्यक समजावी. कौलें पाऊस अडवितात. गाणें लोकांस आंत बोलावितें. प्रभु येशू ख्रिस्त, ज्यानें शेवटच्या भोजनानंतर आपल्या शिष्यांसह स्तोत्र गाइलें व मग जैतुनाच्या डोंगराकडे प्रयाण केलें, तो आपल्या या लहानशा धर्मग्रामास गाणारे कंठ व शिकविणारे हात सदैव देवो.