गॉडझिला परत परत येतो, आपला 'गोगोला' गेला कुठं?

२०१४ ला गॉडझिला नव्यानं आला आणि तेव्हापासून पोरं पुढच्या भागाची वाट बघतायत. २०१९, २०२१, २०२४... भाग येतच राहिले. यामागं पैसा आहेच. पण अणुबॉम्बच्या भीतीतून जन्मलेला जपानचा १९५४ चा मूळ सिनेमा जपलाय, तो आजही बघता येतो, हेही तितकंच खरं.

आता आपलं बघा. १९६६ ला मुंबईत 'गोगोला' निघाला. दिग्दर्शक बलवंत दवे, सोबत तबस्सुम. समुद्रातला अजस्त्र प्राणी थेट मुंबईवर! आज तो सिनेमा हरवलेला मानतात. गाणी अन् पोस्टरं तेवढी उरली. पुण्यात फिल्म आर्काइव्ह १९६४ लाच सुरू झालं होतं, तरी ही गत. १९३१ चा पहिला बोलपट 'आलम आरा', त्याचीही प्रिंट नाही.

धाराशिव, उमरगा, परंड्याकडं कुणाच्या घरी जत्रेतल्या तंबू टॉकीजची रिळं, पोस्टरं, हँडबिलं माळ्यावर पडली असतील, तर भंगारात घालू नका. पुण्याच्या आर्काइव्हला कळवा. दुसरा भाग मागायचा, तर आधी पहिला जपावा लागतो.