जोगळटेंभी नाणेनिधी

जोगळटेंभी नाणेनिधी : क्षहरात क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा प्रसिद्ध संचय. नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यातील जोगळटेंभी येथे तो १९०६ मध्ये सापडला. त्यातील सु. १३,२५० नाण्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपले छाप मारलेले आहेत. एच्. आर्. स्कॉट यांनी या निधीचा वृत्तांत १९०८ मध्ये प्रसिद्ध केला.

ऑगस्टसच्या काळापासून रोमन सम्राटाचे मस्तक सोन्याचांदीच्या नाण्यांप्रमाणेच रोजच्या व्यवहारातील ब्राँझ नाण्यांवरही उमटू लागले व राजसत्तेची खूण सामान्यांच्या हाती पोहोचली. रोमन सोन्याचांदीची नाणी भडोच बंदरात येत, असे पेरिप्लसवरून कळते. नहपानाच्या नाण्यांवरील मुखाकृतीत या रोमन धर्तीची छाया दिसते. मुखाकृतीभोवतीच्या लेखाची लिपी ग्रीक असली, तरी भाषा प्राकृत आहे. मागील बाजूस बाण व वज्र ही चिन्हे आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख आहेत. सर्व नाणी नहपानाच्याच नावाची असूनही त्यांवरील चेहरे व वय यांत फरक आढळतो. त्यामुळे ही मुखाकृती हुबेहूब व्यक्तिचित्रापेक्षा राजपदाची निदर्शक असावी, असे दिसते.

गौतमीपुत्राने ही नाणी वितळविली नाहीत. त्याने एका बाजूस त्रिकूट चैत्य, त्याखाली नागमोडी रेषा व स्वतःचे नाव, तर दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह उमटविले. अनेक नाण्यांवर छापाखालील मूळ चेहरा व अक्षरे अंशतः दिसतात. चलन तेच राहिले. त्यामागील सत्ता मात्र पालटली. गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केला, असे नाशिक लेण्यांतील गौतमी बलश्रीच्या लेखात म्हटले आहे. त्या प्रशस्तीला या नाण्यांनी भौतिक पुरावा मिळाला. निधीत नहपानानंतरच्या दुसऱ्या क्षत्रपाची नाणी नसल्याने हे दोन्ही राजे समकालीन असावेत, या मतासही बळकटी आली.

नाशिकच्याच लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. अशा दीर्घ मुदतीच्या व्यवहारांना चलनाची पत टिकणे आवश्यक होते. म्हणून नाणी रद्द न करता त्यांवर नवी मुद्रा उमटविणे व्यवहार्य ठरले असावे. पुढे वासिष्ठीपुत्र पुळुमावी व यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजांनीही मुखाकृती असलेली चांदीची नाणी पाडली. ज्या मुखाकृतीवर गौतमीपुत्राने चैत्य उमटविला, तिचीच परंपरा अशा रीतीने त्याच्या वंशजांनी स्वीकारली.