मान धरण्याची वेळ

अलिबाग-थळपासून मुरुड-श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर तान्ह्या मुलाची वाढ शब्दांनींच मोजली जाते: मान धरली, पालथें पडलें, बसतें झालें, रांगूं लागलें. 1981 सालीं कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड झालें. हे शब्द तेच राहिले. आजीची आणि न्हाऊ घालणाऱ्या बाईची नजर या पायऱ्यांवर असते; तथापि एखादी पायरी लांबली, कीं 'आमच्या घराण्यांत सगळींच उशिरा चाललीं' असें समाधानही करून घेतलें जातें, आणि तें पुष्कळदां खरेंही ठरतें.

आज जिला स्वमग्नता म्हणतात त्या अवस्थेचें प्रसिद्ध वर्णन 1943 सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनीं केलें. अकरा मुलांच्या त्या वृत्तांतांत एक लहानशी नोंद आहे. चार महिन्यांचें मूल, कोणी उचलूं लागलें, कीं चेहरा व खांदे ताणून सिद्ध होतें. यांपैकीं बहुतेक मुलांनीं तशी तयारी कधींच दाखविली नव्हती, असें त्यांच्या आयांना आठवत होतें. मूल बोलण्याच्या वयाला येण्यापूर्वींच आईच्या हातांना तें कळलें होतें! कॅनर यांनीं त्या लेखांत ही उणीव जन्मजात मानली. तरीही 1967 सालीं ब्रूनो बेटलहाइम यांच्या ग्रंथानें दोष आयांच्याच माथीं मारला. ज्यांनीं प्रथम पाहिलें त्यांनाच आरोपी करावें, हा न्याय विलक्षणच होय.

पुढें 1998 सालीं फिलिप टायटलबाम व सहकारी यांनीं स्वमग्न ठरलेल्या सतरा मुलांच्या तान्हेपणींच्या चित्रफिती तपासल्या. पालथें पडणें, बसणें, रांगणें यांत त्यांना निराळेपण आढळलें. 2012 सालीं बाल्टिमोरच्याच केनेडी क्रीगर संस्थेंत सहा महिन्यांच्या मुलांना हात धरून उठवून बसविलें, तेव्हां स्वमग्न मुलांच्या धाकट्या भावंडांत मान मागें लोंबण्याचें प्रमाण अधिक दिसलें. मान लोंबली म्हणजे स्वमग्नता ठरली, असें मुळींच नव्हे. मूल तपासणीस न्यावें, इतकाच तिचा अर्थ.

आपल्याकडे बडोद्यास प्रमिला फाटक यांनीं बेली यांच्या पद्धतीवरून भारतीय मुलांसाठीं मोजपट्टी सिद्ध केली. तींत हालचालींच्या 67 व बुद्धीच्या 163 कसोट्या आहेत. 6 फेब्रुवारी 2013 रोजीं पालघर येथें राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याच्या योजनेप्रमाणें वैद्यकीय पथक अंगणवाडींत वर्षांतून दोनदां येतें. मधल्या महिन्यांत मूल आजीच्या मांडीवरच असतें.