पुस्तकातून उभे राहिलेले सदन

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आम्ही ख्रिस्ती मंडळी त्यांच्या १८८३ मधील बाप्तिस्म्याचा गौरव करतो, तर इतर त्यावरून वाद घालतात. या दोहोंत त्यांच्या लेखणीचे कार्य मात्र झाकले जाते.

१८८७ साली अमेरिकेत त्यांचे ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात बालविवाह आणि वैधव्य यांनी जखडलेल्या स्त्रीची व्यथा होती. पण नुसती दयेची याचना नव्हती. विधवेला शिकवा, स्वावलंबी करा, असे त्यांचे मागणे होते. त्याच वर्षी बोस्टनमध्ये साहाय्यक मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले.

पुढे सदन पुण्यास गेले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादळात अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. मोठ्यांच्या भांडणात शिक्षण बुडाले ते मुलींचे! त्याच वर्षी सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापिले. गोदूबाई हिंदूच राहिल्या. तरी रमाबाईंच्या पुस्तकाचे मागणे त्यांच्या आयुष्यात फळाला आले.

म्हणून आम्हांला स्वतःलाच विचारावेसे वाटते : आमच्या धर्मग्रामातील विधवेसाठी आम्ही मिस्सामध्ये प्रार्थना करतो, परंतु घरच्या जमिनीत आणि निर्णयात तिला वाटा देतो का?