मांड्याचे दोन पदर आणि मधलं फळ

खाण्याला धर्म असतो असं मानणारे लोक दोन्हीकडे आहेत. आमच्या घरी उन्हाळ्यात आंबा आणि केळं एकत्र करून मांड्यात भरतात. एका पाहुण्याने त्याला ‘अरबी प्रकार’ ठरवलं. दुसऱ्याने विचारलं, “मांडे नि आमरस तर अखाजीला होतात, तुमच्यात कसे?” दोघांनाही उत्तर द्यायचं तर थोडा इतिहास सांगावा लागतो.

आधी पदार्थ. रुमालासारख्या पातळ मांड्याचे दोन पदर घ्यायचे. मध्ये पिकलेल्या केळ्याच्या चकत्या, त्यावर आटवलेला आमरस, वेलची आणि तूप. मग झाकण ठेवून मंद आचेवर. नुसता रस भरला तर मांडा भिजून फाटतो, केळं त्या रसाला धरून ठेवतं. नुसतं केळं भरलं तर गोडी एकसुरी होते, आंब्याच्या आंबटपणाने ती उठते. इंग्रज लोक फळं मैद्याच्या पारीत भरून भट्टीत भाजतात आणि त्याला ‘पाय’ म्हणतात. (आमच्याकडे हा शब्द ऐकला की बकऱ्याचे पाये आठवतात, तो भाग वेगळा.) आपल्या घरांत भट्टी नव्हती, खापर आणि तवा होता.

आता ‘अरबी’चं बघू. दहाव्या शतकात इब्न सय्यार अल-वर्राक याने बगदादच्या खाण्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ‘जुझाबा’ नावाचा पदार्थ आहे. पातळ पोळ्या आणि केळी यांचे थर लावायचे, साखर नि गुलाबपाणी घालायचं आणि ते भांडं तंदुरात ठेवायचं. वर कोंबडी टांगायची, तिचा रस थरांवर ठिबकतो. म्हणजे पोळीत फळ भरण्याची कल्पना तिकडे जुनी आहे, हे खरं. पण केळं मूळचं आग्नेय आशियातलं, आणि अरबांकडे ते हिंदुस्थानातूनच गेलं. अरबी थाळीतलं फळ आपल्या वाटेने गेलेलं आहे.

मांड्याचंही तसंच. मुक्ताईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. त्याच मुक्ताईचं समाधिस्थान जळगाव जिल्ह्यात, मुक्ताईनगरजवळ आहे. या गावाचं जुनं नाव एदलाबाद. तिथून रावेर ओलांडून पुढे गेलं की बुऱ्हाणपूर लागतं. १३८२ ते १६०१ या काळात खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांची ही राजधानी. त्यांची आधीची गादी धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला होती. बुऱ्हाणपुरात आजही हातावर फिरवून मोठे मांडे करतात आणि मुसलमानांच्या लग्नात ते सालनाबरोबर वाढतात. खानदेशात हिंदू घरी पुरण भरलेले मांडे खापरावर होतात. पोळी तीच, आत काय घालायचं ते ज्याचं त्याने ठरवलं.

राहिली फळं. १३४२ साली इब्न बतूता दिल्लीहून निघाला आणि दौलताबादवरून नंदुरबारला आला. (नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं.) तिथले मराठे कुशल कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी असल्याचं तो लिहितो. पुढे मोठ्या नदीकाठच्या सागर गावी त्याने रहाट पाहिले, आणि आंबा, केळी, उसाच्या बागा पाहिल्या. अभ्यासक ही नदी म्हणजे तापी मानतात. या बागांमध्ये वाटसरूंसाठी मठ होते. मठ बांधणारा आपली बाग त्याला वक्फ करून देई आणि देखभाल मुलांकडे सोपवी. वारस नसेल तर ती काझीकडे जाई.

वक्फ हा शब्द आज आपण फक्त कोर्टकचेरीच्या बातम्यांत वाचतो, आणि तोही एकमेकांवर ओरडण्यासाठी. तापीकाठी त्याचा अर्थ होता, या झाडाचं फळ आता माझं नाही, वाटेने येणाऱ्याचं आहे.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सावदा-रावेरहून निघालेला तोच घड एकादशीच्या फराळाला जातो आणि इफ्तारच्या दस्तरखानावरही. माझ्या दोन्ही पाहुण्यांना मी एवढंच सांगतो: फळ तापीचं, पोळी खानदेशाची. गरम आहे तोवर खा.